‘रिंग’चे मोटिफ पाठ केले, तरी ऐकताना चुकामूक होते; मग ऐकायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मन संगीतकार वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका (‘राइनगोल्ड’, ‘वाल्क्युरे’, ‘झीगफ्रीड’, ‘ग्योटरडेमरुंग’) प्रत्यक्ष बघायला जायचंय. तयारी म्हणून तुम्ही सगळ्या लाइटमोटिफांची, म्हणजे पात्र, वस्तू किंवा भावनेशी जोडलेल्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुनांची, यादी उतरवून घेतली, एकेक धून ऐकून पाठ केली. पण सलग ऐकायला बसलं की यादी आणि कानावर पडणारं संगीत यांचा मेळ बसत नाही. ‘प्रेमत्याग’ म्हणून पाठ केलेली धून प्रेमाच्या ऐन भरात वाजते, आणि मग सगळंच खोटं वाटायला लागतं. शेवटी तुम्ही हेही विचारलंय की हिंदी सिनेमात खलनायक आला की त्याचं ठरलेलं म्युझिक वाजतं, त्याहून हे वेगळं काय?

मी जर्मनीतल्या एका ऑपेरागृहात गायकांच्या भूमिका बसवून घेते. तालमीच्या खोलीत ऑर्केस्ट्रा नसतो. तिथे ऑर्केस्ट्राच्या वाट्याचं सगळं मी पियानोवर वाजवते आणि गायकांना कुठे उचलायचं, कुठे थांबायचं ते सांगते. ‘रिंग’ बसवताना ही पंधरा तासांची गोष्ट तुकड्यातुकड्याने हातातून जाते. त्यामुळे माझं उत्तर संगीतशास्त्राच्या प्राध्यापकाचं नाही, वाजवणाऱ्या माणसाचं आहे.

यादी बाजूला ठेवा. मोटिफचं नाव लक्षात ठेवू नका; तो पहिल्यांदा कुठे वाजला, तेव्हा कोण काय म्हणत होतं आणि मागे कोणती वाद्यं होती, ते लक्षात ठेवा. नाव चुकलं तर काही बिघडत नाही. पहिला प्रसंग विसरलात तर मात्र पुढचा सगळा हिशेब चुकतो.

ही नावं वाग्नरने दिलेलीच नाहीत. 1876 मध्ये जर्मनीतल्या बायरॉइट गावी चारही ऑपेरा पहिल्यांदा एकत्र झाले, त्या वेळी हान्स फॉन वोल्त्सोगेन या त्याच्या भक्ताने प्रेक्षकांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली आणि प्रत्येक मोटिफवर चिठ्ठी चिकटवली. तलवार, भाला, शाप, पलायन वगैरे. ‘लाइटमोटिफ’ हा शब्द घरोघरी पोचला तो मुख्यतः त्यानंतर. वाग्नरला हे फारसं रुचलं नव्हतं. 1879 च्या एका लेखात त्याने तक्रार केली आहे की आपला एक तरुण मित्र या धुनांचा नाट्यातला अर्थच तेवढा बघतो, त्यांच्यातून संगीताची बांधणी कशी होते ते बघत नाही. त्याचा स्वतःचा विचार ‘ऑपेरा आणि नाटक’ या 1851 मध्ये लिहून झालेल्या ग्रंथात आहे, आणि तिथे भर आहे तो चाहूल आणि आठवण यांवर. रंगमंचावर अजून न घडलेल्या गोष्टीची चाहूल ऑर्केस्ट्रा देऊ शकतो. घडून गेलेली गोष्ट तो आठवून देऊ शकतो. आणि पात्राच्या तोंडून शब्द फुटत नसतानाही हे चालू राहू शकतं. वस्तूंची नावं पुकारणं हा त्याचा हेतू नव्हता.

चिठ्ठ्यांनी केलेल्या घोटाळ्याचा ठळक नमुना म्हणजे फ्राया या देवीचा मोटिफ. ‘राइनगोल्ड’मध्ये ती राक्षसांच्या भीतीने धावत रंगमंचावर येते. तिच्या धुनेच्या दुसऱ्या भागावर वोल्त्सोगेनने ‘पलायन’ अशी चिठ्ठी लावली, आणि पुढे कित्येक वर्षं पुस्तकं तेच छापत राहिली. पण तीच धून ‘वाल्क्युरे’च्या पहिल्या अंकात झीगमुंड आणि झीगलिंड एकमेकांकडे ओढले जातात तेव्हा वाजते. तिथे कोण कुठे पळतंय? इंग्रज अभ्यासक डेरिक कुक यांनी दाखवून दिलं की ही मुळात प्रेमाची धून आहे. फ्राया प्रेमाची देवी आहे म्हणून ती तिच्याबरोबर येते, आणि पहिल्यांदा येते तेव्हा देवी घाबरलेली आहे इतकंच. प्रसंग लक्षात ठेवणाऱ्याला हे आपोआप कळतं. चिठ्ठी पाठ करणारा मात्र कोड्यात पडतो.

गोष्टीचा सांगाडा दोन ओळींत, कारण पुढे तो लागेल. अल्बेरिश नावाचा बुटका ऱ्हाइन नदीतलं सोनं चोरतो आणि प्रेमाला शाप देऊन त्याची जगावर सत्ता देणारी अंगठी घडवतो. देवांचा राजा वोटान राक्षसांकडून वालहाल हा किल्ला बांधून घेतो, मजुरी चुकती करायला अल्बेरिशची अंगठी लुबाडतो, आणि अंगठीला लागलेला शाप देवांच्या मागे लागतो. उरलेले तीन ऑपेरा म्हणजे त्या एका व्यवहाराची परतफेड.

आता सुरुवात. ‘राइनगोल्ड’चं प्रास्ताविक 136 बारांचं (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) आहे आणि ते सगळं एकाच मेजर, म्हणजे उजळ ढंगाच्या, स्वरसंगतीवर उभं आहे. डबल बासचा खोल ई-फ्लॅट, त्यावर बसून (bassoon) या फुंकवाद्याचा पंचम, मग आठ हॉर्न एकामागून एक तीच चढती धून घेतात. रागसंगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला पाश्चात्य संगीतात इतकं घरी आल्यासारखं दुसरीकडे क्वचितच वाटेल, कारण इथे षड्ज हलत नाही. तुमची अडचण त्यानंतर सुरू होते. पडदा उघडला की थोड्याच वेळात षड्ज सरकायला लागतो, आणि मग पंधरा तास तो कुठे स्थिर राहत नाही. तानपुऱ्यावर वाढलेला कान धून ओळखतो ती सा पासून मोजून. इथे तीच धून आज एका पट्टीत, उद्या दुसऱ्या पट्टीत, कधी मेजरमध्ये, कधी सावळ्या ढंगाच्या मायनरमध्ये येते. मोजणारा कान म्हणतो, ही नवी धून. म्हणून मी आपल्याकडच्या श्रोत्यांना सांगते: स्वर मोजू नका. वर जाते की खाली, पावलं टाकत जाते की उड्या मारत, लय ठेचकाळते की वाहते, आणि कोणतं वाद्य आहे, एवढंच धरा.

प्रास्ताविकातली हीच चढती धून पुढे पृथ्वीमाता एर्डा जमिनीतून वर येते तेव्हा मायनर होऊन, संथ होऊन येते. एर्डा वोटानला बजावते की जे जे आहे ते संपणार आहे, देवांनाही काळा दिवस उगवणार आहे. त्या शब्दांवर धून उलटी होते, चढण्याऐवजी उतरते. यादीत हे तीन वेगळे मोटिफ आहेत: निसर्ग, एर्डा, देवांचा अस्त. ऐकताना मात्र तो एकच चढ आहे, जो पुढे सावळा होतो आणि शेवटी उतार होतो.

मोटिफ बदलणं म्हणजे काय, हे एकाच ठिकाणी शिकायचं असेल तर ‘राइनगोल्ड’च्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रवेशामधला दुवा ऐका. मला विचाराल तर अख्ख्या ‘रिंग’ची किल्ली या दोन-तीन मिनिटांत आहे. पहिल्या प्रवेशात नदीतलं सोनं राखणाऱ्या जलकन्यांपैकी वेलगुंडे सांगून बसते की या सोन्याची जो अंगठी घडवील त्याला जगाचं राज्य मिळेल. त्या ओळीला जी धून आहे ती तिसऱ्या-तिसऱ्या स्वरावर पायऱ्या उतरते आणि तशाच पायऱ्या चढून परत येते. गोल. तिच्याखालची स्वरसंगती घसरडी आहे. घर कोणतं ते कळू देत नाही. अल्बेरिश सोनं घेऊन पळतो, अंधार होतो, लाटांचं धुकं होतं. हॉर्नवर ही गोल धून पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी थोडी निवळत जाते. टोकं घासली जातात, खालचा पाया घट्ट होतो. मग उजाडतं. डोंगरावर वालहाल किल्ला दिसतो आणि तीच आकृती आता डी-फ्लॅट मेजरमध्ये, वाग्नरने मुद्दाम करवून घेतलेल्या ट्यूबा या पितळी वाद्यांवर, संथ आणि भारदस्त ऐकू येते.

म्हणजे चोराची अंगठी आणि देवाचा किल्ला हे एकाच धुनेचे दोन चेहरे आहेत. हे कोणी पात्र बोलत नाही. वोटान तर झोपेतून जागा होऊन आपल्या वैभवाचं कौतुक करत असतो. पण ऑर्केस्ट्राने निकाल आधीच देऊन ठेवलाय: सत्तेची हाव दोघांची सारखी, एकाची उघडी, दुसऱ्याची रेशमी. तुमच्या सिनेमाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. खलनायकाची धून तो आल्याची वर्दी देते, आणि तो दिसतच असतो. इथे मोटिफ जे सांगतो ते रंगमंचावर दिसत नाही, कित्येकदा दिसतं त्याच्या उलट असतं.

आता ‘वाल्क्युरे’चा पहिला अंक. साधारण एका तासाचा, फक्त तीन पात्रं. वादळात दमलेला झीगमुंड एका अनोळखी घरात शिरतो. घरमालक हुंडिंगसमोर तो आपली कहाणी सांगतो: वडिलांबरोबर रानात वाढलो, शत्रूंनी पाठलाग केला, ताटातूट झाली, रानात लांडग्याचं रिकामं कातडं तेवढं सापडलं, ‘वडील मात्र सापडले नाहीत’. तो थांबतो. आणि त्या थांबण्यात ऑर्केस्ट्रा अगदी हळू आवाजात वालहाल वाजवतो.

झीगमुंडचा बाप कोण, हे तुम्हाला कळलं. त्याला नाही कळलं. पुढे हीच चाल पुन्हा. झीगलिंड आपल्या जबरदस्तीच्या लग्नाची हकिगत सांगते: पुरुष पीत बसले होते, तेवढ्यात करड्या झग्यातला एक म्हातारा आत आला, टोपी एका डोळ्यावर ओढलेली, बाकीचे त्याच्या नजरेने दचकले, मला मात्र रडू आलं आणि धीरही आला. खाली पुन्हा वालहाल, आता ई मेजरमध्ये, म्हणजे मूळच्या पट्टीत नाही. पाहुणा म्हणजे वोटान. हे दोघे त्याचीच मुलं, जुळी भावंडं. ते दोघे अजून हे जाणत नाहीत आणि आपण जाणतो, यातच त्या अंकाचा सगळा ताण आहे.

तालमीत इथे हमखास एक गोष्ट होते. नवी गायिका वालहालचे स्वर ओळखते, आणि ओळखल्याचं तिच्या आवाजात उतरतं. आवाज गंभीर होतो, ती जणू एखाद्या देवाबद्दल गाते. मी वाजवणं थांबवते. म्हणते, ऑर्केस्ट्राला माहीत आहे, तुला माहीत नाही. तू एका विचित्र म्हाताऱ्याबद्दल बोलतेयस. तिने साधेपणाने गायलं की खालची धून अंगावर येते; तिने जाणतेपणाने गायलं की दोन्ही सपाट होतात. झीगमुंडचंही तसंच. ‘सापडले नाहीत’ नंतरच्या त्या दोन श्वासांत त्याने काही म्हणजे काही करायचं नाही. श्रोता म्हणून तुम्हालाही हाच प्रश्न उपयोगी पडेल. मोटिफ वाजला की ‘हा कुठला?’ असं विचारण्याऐवजी ‘हे इथे कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही?’ असं विचारा.

चाहुलीचा नमुना तलवारीच्या धुनेत आहे. ‘राइनगोल्ड’च्या अगदी शेवटी देव वालहालकडे निघालेले असताना वोटानच्या मनात काहीतरी भव्य कल्पना चमकते, आणि ट्रम्पेटवर सी मेजरची खणखणीत चढती धून येते. संहितेत त्या जागी तलवारीचा उल्लेख नाही. ती धून कशाची, ते पुढच्या ऑपेरात कळतं. झीगमुंड एकटा, निःशस्त्र, अंधारात बसलेला. विझत्या चुलीचा उजेड झाडाच्या बुंध्यावर पडतो, तिथे काहीतरी लकाकतं, आणि ट्रम्पेट. ज्याने ‘राइनगोल्ड’मध्ये नुसती यादीतली ‘तलवार’ ओळखली त्याला आधीच सगळं माहीत होतं. त्याची मजा गेली. याद्यांवर माझा खरा राग आहे तो यासाठी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ‘प्रेमत्याग’. जलकन्या वोगलिंडे सांगते की प्रेमाच्या सत्तेवर जो पाणी सोडील त्यालाच या सोन्याची अंगठी घडवता येईल. जड, खाली झुकणारी मायनर धून. अल्बेरिश ते करतो. पुढे ‘वाल्क्युरे’च्या पहिल्या अंकाच्या शेवटी झीगमुंड झाडात रुतलेली तलवार उपसायला हात घालतो तेव्हा नेमकी हीच धून गातो, आणि शब्द काय? ‘पवित्रतम प्रेमाची परमोच्च निकड’ अशा आशयाचे. तो प्रेम सोडत नाही, त्याच्यासाठी जीव पणाला लावतोय.

यावर अभ्यासकांत वर्षानुवर्षं खल चालू आहे. वाग्नरला तिथे केवळ त्या रंगाची धून हवी होती, अर्थाचं त्याने बघितलं नाही, असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही, कारण तीच धून तिसऱ्यांदाही मोक्याच्या जागी येते. ‘वाल्क्युरे’च्या शेवटी वोटान आपल्या लाडक्या मुलीचं, ब्रुनहिल्डचं, देवत्व चुंबनाने काढून घेतो, तेव्हा इंग्लिश हॉर्नवर हलकेच हीच धून वाजते. तिन्ही प्रसंग शेजारी ठेवा. अल्बेरिश, झीगमुंड, वोटान. तिघांच्या हाताशी प्रेम आहे, आणि तिघेही असं पाऊल उचलतायत की मागे फिरता येणार नाही. एक सत्तेसाठी प्रेम टाकतो, एक प्रेमासाठी मरण ओढवून घेतो, एक कायद्यापायी प्रेम तोडतो आणि रडतो. धून ‘त्यागाची’ नाहीच; प्रेमाची किंमत मोजण्याच्या क्षणाची आहे. झीगमुंडच्या तोंडी ती आली की मला तर धसका बसतो: अल्बेरिशने सोन्यावर हात टाकला होता तसाच हा तलवारीवर टाकतोय, आणि त्या तलवारीनेच पुढच्या अंकात त्याचा घात होणार आहे. हा माझा अर्थ झाला. तुमचा वेगळा निघाला तरी चालेल, पण तो तीन प्रसंगांतून निघू द्या, चिठ्ठीतून नको.

पियानोवर हे सगळं वाजवताना एक गोष्ट लख्ख कळते. काही मोटिफ पियानोवर जगतात, काही मरतात. भाल्याची धून, ती उतरती पायरी-पायरीची ओळ, पियानोवरही भालाच राहते. पण अदृश्य करणाऱ्या टार्नहेल्म या शिरस्त्राणाची धून मी वाजवते तेव्हा ती नुसत्या चार-दोन स्वरसंगती वाटतात. तिची सगळी जादू म्यूट लावून आवाज कोंडलेल्या हॉर्नमध्ये आहे. तलवारीची धून म्हणजे तरी काय, मेजर स्वरसंगतीचे सुटे स्वर; असे स्वर हजारो रचनांत आहेत, ट्रम्पेटमुळे ते पोलाद होतात. म्हणून मोटिफ शिकायला कोणाच्या पियानोवरच्या चित्रफिती वापरू नका. वाद्याचा रंग हा मोटिफचा अर्धा भाग असतो.

रंग तोच आणि एकच स्वर सरकला तर काय होतं, तेही बघा. ‘राइनगोल्ड!’ असा जलकन्यांचा आनंदाचा पुकारा आहे. तो वरच्या स्वरावरून एक पूर्ण स्वर खाली उतरतो. हाच पुकारा अल्बेरिशच्या हाती अंगठी आल्यावर अर्ध्याच स्वराने उतरायला लागतो. शुद्ध धैवतावरून पंचमावर येणं आणि कोमल धैवतावरून येणं, यात जो फरक तुमच्या कानाला लागतो तोच इथे आहे. उत्सवाचा कण्हण्यात बदल. पुढे ‘ग्योटरडेमरुंग’मध्ये अल्बेरिशचा मुलगा हागेन रात्री पहारा देत एकटा बसतो, तेव्हा ऑर्केस्ट्राच्या तळाशी हा अर्ध्या स्वराचा उतार सतत कण्हत असतो. राक्षसांचंही तसंच. त्यांच्या दणकट पावलांच्या तालात टिंपनी या नगाऱ्यांवर सा ते शुद्ध मध्यम एवढं अंतर आहे. त्यांतला फाफनर अजगर होऊन गुहेत सोन्यावर वेटोळं घालून बसला की ‘झीगफ्रीड’च्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी तेच अंतर तीव्र मध्यमापर्यंत ताणलं जातं. आकार बिघडला. हे ओळखायला स्वरलिपी वाचता यायला हवी असं मुळीच नाही, आपला कान त्यासाठी उलट जास्त तयार असतो.

भाल्याबद्दल थोडक्यात. वोटानच्या भाल्यावर सगळे करार कोरलेले आहेत, म्हणून ती धून त्याच्या शब्दाची आहे. ‘वाल्क्युरे’मध्ये या भाल्यावर झीगमुंडची तलवार मोडते, ‘झीगफ्रीड’च्या तिसऱ्या अंकात पुन्हा घडवलेल्या त्याच तलवारीने वोटानच्या नातवाच्या, झीगफ्रीडच्या, हातून भाला मोडतो, आणि त्यानंतर धून ठिकऱ्या झाल्यासारखी येते. एवढं ऐकलंत तरी पुरे.

माझी सगळ्यात लाडकी जागा ‘वाल्क्युरे’चा शेवट. ब्रुनहिल्ड खडकावर निजली आहे, भोवती आग पेटली आहे, आणि वोटान जाता जाता म्हणतो, माझ्या भाल्याच्या टोकाला जो भीत असेल त्याने ही आग कधी ओलांडू नये. वाक्य मनाईचं आहे. पण चाल कोणती? याच अंकात थोडं आधी ब्रुनहिल्डने गरोदर झीगलिंडला सांगितलं होतं की तुझ्या पोटी जगातला थोर वीर आहे, त्या वेळची चाल. झीगफ्रीड अजून जन्मला नाही, वोटान त्याचं नावही घेत नाही, तरी धून सांगते कोण येणार आणि मनाई कोण मोडणार. बापाची इच्छा आणि देवाचा हुकूम एकाच ओळीत, एक चालीत आणि एक शब्दांत. नंतर ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांचा ताफा, सगळी ताकद लावून तीच धून पुन्हा म्हणतो.

त्याच प्रसंगात झीगलिंड कृतज्ञतेने ब्रुनहिल्डला उद्देशून एक उंच झेपेची ओळ गाते आणि निघून जाते. ती धून त्यानंतर ‘झीगफ्रीड’मध्ये नाही, ‘ग्योटरडेमरुंग’च्या जवळजवळ अख्ख्या लांबीत नाही. वाग्नरने ती जपून ठेवली. ब्रुनहिल्ड चितेकडे निघते तेव्हा ती परत येते, आणि नदीला पूर येऊन अंगठी जलकन्यांकडे गेल्यावर, वालहाल पेटल्यावर, शेवटचा शब्द तिचाच असतो. यादीत तिला ‘प्रेमाद्वारे मुक्ती’ म्हटलेलं सापडेल. ती चिठ्ठी वोल्त्सोगेनचीच. वाग्नरच्या घरात तिला ‘ब्रुनहिल्डचा गौरव’ म्हणत, असं त्याच्या पत्नीने, कोझिमाने, लिहून ठेवलं आहे. झीगलिंडचा प्रसंग तुमच्या मनात असेल तर हे वेगळं सांगावं लागत नाही: एका बाईने दुसरीचे मानलेले आभार आहेत ते, आणि देव संपल्यावर तेवढेच शिल्लक राहतात. ही अखेर डी-फ्लॅट मेजरमध्ये आहे, वालहाल पहिल्यांदा दिसला त्याच पट्टीत. पट्टी ओळखू आली नाही तरी काही अडत नाही.

एक सावधगिरी. प्रत्येक फुंकरीत मोटिफ शोधू नका. वाग्नरने 1857 मध्ये ‘झीगफ्रीड’चा दुसरा अंक संपत आल्यावर काम बाजूला ठेवलं, मध्ये ‘ट्रिस्टान’ आणि ‘माइस्टरझिंगर’ हे दुसरे दोन ऑपेरा लिहिले, आणि तिसरा अंक 1869 मध्ये हाती घेतला. परतला तो हात वेगळा होता. तिथून पुढे तीन-तीन, चार-चार मोटिफ एकावर एक विणलेले येतात आणि कित्येकदा ते कोणाचा निर्देश करत नसतात; ते निव्वळ विणीचे धागे असतात. वाग्नरची 1879 ची तक्रार नेमकी हीच होती. ‘ग्योटरडेमरुंग’मध्ये एकेक धागा ओळखत बसलात तर वस्त्र दिसणार नाही. तिथे मोठ्या जागा तेवढ्या धरा. उदाहरणार्थ, ‘झीगफ्रीड’मध्ये ब्रुनहिल्ड जागी होऊन सूर्याला वंदन करते त्या दोन लखलखीत स्वरसंगती. ‘ग्योटरडेमरुंग’ सुरू होतं ते त्यांनीच, पण अर्धा स्वर खाली, काजळलेल्या. आणि झीगफ्रीडची हरवलेली आठवण नुकतीच परत आलेली असते, हागेनचा भाला पाठीत घुसल्यावर तो ब्रुनहिल्डला हाक मारतो, तेव्हा त्या पुन्हा पहिल्यासारख्या उजळतात. पाठोपाठच्या शोकयात्रेत त्याच्या आई-बापापासूनच्या धुना ओळीने जातात; तिथे तुम्हाला एकही नाव आठवलं नाही तरी माणसं आठवतील.

तयारी कशी करायची? चारही ऑपेरा क्रमाने रेटू नका. आधी ‘वाल्क्युरे’चा पहिला अंक घ्या. त्याचं भाषांतर संगीताशिवाय, नाटक वाचावं तसं सावकाश वाचा. मग अंक सलग ऐका, हातात कागद न घेता. दुसऱ्या दिवशी ‘राइनगोल्ड’चा पहिला प्रवेश आणि तो दुवा ऐका, आणि पुन्हा ‘वाल्क्युरे’वर या. वालहाल कुठे कुठे डोकावतो ते तेव्हा आपोआप लागेल. मग ‘राइनगोल्ड’ पूर्ण, मग ‘वाल्क्युरे’ पूर्ण. या दोनांवर अर्ध्याहून जास्त वेळ घालवलात तरी हरकत नाही, कारण बहुतेक मोठ्या मोटिफांचे पहिले प्रसंग इथेच आहेत. ‘झीगफ्रीड’ आणि ‘ग्योटरडेमरुंग’ प्रत्यक्ष जाण्याआधी एकेकदा ऐकले तरी भागतं.

ध्वनिमुद्रणात संचालक गेऑर्ग शोल्टी आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं 1958 ते 1965 मधलं, डेका कंपनीचं घ्या. वाद्यं त्यात स्वच्छ वेगळी ऐकू येतात. डेरिक कुक यांचा बोलका परिचय त्याच मुद्रणातले तुकडे घेऊन केलेला आहे. मोटिफांवर एकच काही ऐकायचं तर ते, पण ‘वाल्क्युरे’ एकदा ऐकून झाल्यावर. बघायला संगीतसंचालक पिअर बुलेझ आणि दिग्दर्शक पात्रीस शेरो यांचं बायरॉइटचं, 1976 मध्ये रंगमंचावर आलेलं रूप अजूनही अव्वल आहे. आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी व्हॅलेन्सियात ला फुरा देल्स बाउस या कॅटलन नाट्यसंस्थेबरोबर केलेली ‘रिंग’ही चित्रित झालेली आहे, डोळ्यांना ती जरा जास्तच खाद्य देते, पण धिम्या जागांना मेहतांनी दिलेला अवकाश नवख्या श्रोत्याला सोयीचा पडतो.

आणि राइनगोल्डच्या दिवशी काहीतरी खाऊन जा. अडीच तास आहेत आणि मध्यंतर नसतं.